नेमाची धाव

॥ राम कृष्ण हरि ॥

सज्जनहो, गेल्या वर्षी आमच्या बीड जिल्ह्यातल्या एका गावी सप्ताहात कीर्तनसेवा झाली. काल्याची आदली रात्र होती. कीर्तन आटोपून आम्ही पडवीत जरा टेकलो होतो. टाळकऱ्यांतला एक मुलगा पाया पडला आणि तसाच उभा राहिला. भरतीसाठी पहाटे उठून धावणारी जी पोरे आपण गावोगाव रस्त्यावर पाहतो, त्यांतलाच तो एक. म्हणाला, "महाराज, चार वर्षं धावतोय. माळ घातली, एकादशी चुकवली नाही. यंदाही थोडक्यात राहिलो. मग ह्या नेमाचा उपयोग काय झाला?"

आम्ही म्हणालो, "धीर धर बाळा, पांडुरंग देईल." मुलगा निघून गेला. दुसऱ्या दिवशी काल्याला तो टाळ घेऊन आला नाही.

चाळीस वर्षे नारदांच्या गादीवर उभे राहिलो, पण त्या रात्री दिलेले उत्तर ठेवणीतले होते, हे आमचे आम्हांस कळले. ते देणे अंगावर राहिले आहे. तेच फेडावे म्हणून हा चिंतनाचा प्रयत्न.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन तक्रार करतो की, हे मन वाऱ्यासारखे आहे, आवरत नाही. भगवंत ती तक्रार खोटी म्हणत नाहीत. ते दोन उपाय सांगतात, अभ्यास आणि वैराग्य. अभ्यास म्हणजे तेच तेच न कंटाळता करणे. वैराग्य म्हणजे हाती येणारे सोडता येणे. ह्या दोन शब्दांवर आमच्या गुरुजींनी पाठशाळेत आठ दिवस घालवले होते. आम्ही मात्र दोन धावणाऱ्यांचे दृष्टांत घेतो. त्यांतला एक आपल्या घरचा आहे.

आष्टी तालुक्यातले मांडवा हे गाव. तिथला अविनाश साबळे आमच्या मुलाच्या वयाचा, म्हणून एकेरी बोलतो. आईबाप वीटभट्टीवर राबणारे. शाळा सहा किलोमीटर लांब, गाडीघोडा नाही, म्हणून पोर चालत-पळत शाळेला जाई. बारावी झाल्यावर तो सैन्यात महार रेजिमेंटमध्ये गेला. सियाचीनचे बर्फ पाहिले, राजस्थानची वाळू पाहिली. शर्यतीच्या धावण्याला तो लागला तो त्यानंतर, 2015 च्या सुमारास.

त्याची शर्यत तीन हजार मीटरची आणि अडथळ्यांची. वाटेत तीन-तीन फूट उंचीचे अठ्ठावीस अडथळे आणि त्याशिवाय सात वेळा पाण्यावरून उडी. प्रपंचाचेच चित्र म्हणा ना! ह्या शर्यतीचा भारतातला विक्रम गोपाळ सैनी ह्यांनी 1981 साली केला होता. तो सदतीस वर्षे कोणाला मोडता आला नाही. 2018 साली भुवनेश्वरला अविनाशने तो मोडला. पुढची गंमत ऐका. त्यानंतर तो विक्रम मोडणारा दुसरा कोणी नव्हता, तोच आपला विक्रम पुनःपुन्हा मोडत राहिला. 8 मिनिटे 29 सेकंदांवरून 2024 च्या जुलैत तो 8 मिनिटे 9 सेकंदांवर आला. सहा वर्षांत वीस सेकंद! जपमाळेचा एकेक मणी ओढावा तसा एकेक सेकंद ओढला. ह्याला म्हणतात अभ्यास.

2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तो दुसरा आला. त्या आधीच्या सहा स्पर्धांत ह्या शर्यतीची तिन्ही पदके केनियाच्याच धावपटूंनी नेली होती. पहिल्यात आणि अविनाशमध्ये अंतर होते एका सेकंदाच्या शंभर भागांपैकी पाच भागांचे. पापणी लवायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. पुढच्या वर्षी चीनमध्ये हांगझौच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्णपदक घेतले. ह्या शर्यतीत ते मिळवणारा तो पहिला भारतीय पुरुष.

आता दुसरा दृष्टांत. 'चॅरिअट्स ऑफ फायर' नावाचा 1981 सालचा एक इंग्रजी चित्रपट आहे. चित्रपट हा काही आमचा प्रांत नव्हे. नातवाने मोबाइलवर लावून दिला आणि भाषा अडली तिथे समजावून सांगितले. त्यात एरिक लिडेल ह्या स्कॉटलंडच्या धावपटूची खरी कथा आहे. 1924 साली पॅरिसला ऑलिंपिक होते. शंभर मीटरच्या धावेत हा जिंकेल असे लोक म्हणत. पण त्या धावेची पहिली फेरी आली रविवारी. त्याच्या धर्मात रविवार हा देवाचा वार. तो म्हणाला, त्या दिवशी मी धावणार नाही.

बोटीवर चढताना त्याला हे कळले, असे चित्रपटात दाखवले आहे. वस्तुतः वेळापत्रक त्याला काही महिने आधीच ठाऊक होते. आम्हांस ही खरी गोष्टच मोठी वाटते. ऐन वेळी आवेशात नाही म्हणणे सोपे. महिनोन् महिने लोक समजावत असताना नाहीवर टिकणे अवघड. शिवाय तो रुसून घरी बसला नाही. चारशे मीटरची तयारी करत राहिला, आणि ती धाव 47.6 सेकंदांत जिंकला. तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता. आपण एकादशीला ताटातले अन्न बाजूला सारतो, ह्याने हाताशी आलेला मान बाजूला सारला. ह्याला म्हणतात वैराग्य.

आता तो मुलगा समोर असता तर काय म्हणाला असता? "महाराज, ही दोन्ही माणसं जिंकलेली. हरलेल्याचं सांगा."

रास्त आहे. तर पुढचे ऐक, बाळा. लिडेलच्या त्या धावेला शंभर वर्षे झाली आणि 2024 साली त्याच पॅरिसला पुन्हा ऑलिंपिक भरले. अविनाश अंतिम फेरीत उभा होता. पुरुषांच्या ह्या शर्यतीत तिथवर पोहोचलेला तो पहिला भारतीय. आणि तो अकरावा आला. पदक नाही. पुढच्या जुलैत मोनॅकोच्या शर्यतीत तो पाण्याच्या उडीपाशी पडला, गुडघा दुखावला, शस्त्रक्रिया झाली, टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. लिडेलचे पाहा. सुवर्णपदकानंतर वर्षभरात तो चीनमध्ये धर्मसेवेला गेला, आणि 1945 साली जपान्यांच्या बंदिवासात त्रेचाळिसाव्या वर्षी वारला.

मग नेमाने काय दिले? आम्ही ह्या गुडघेदुखीच्या वयात सांगतो, नेम हा पांडुरंगाशी केलेला सौदा नव्हे. एवढ्या एकादश्या घे आणि एवढी नोकरी दे, असा त्यात करार नाही. नेम फळ विकत घेत नाही, तो धरणाऱ्याला घडवतो. हे आम्ही त्या रात्री सांगायला हवे होते. उलट "देईल" म्हणून आम्हीच त्या सौद्यात भर घातली.

माउलींच्या सोहळ्यात वेळापूरच्या अलीकडे धावा होतो. तुकोबारायांना तिथून कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी परंपरा आहे. तिथे हजारो वारकरी धावतात. पहिला कोण आला हे आजवर कोणी विचारले आहे काय? मागे पडलेल्या म्हातारीलाही पंढरी तीच, आणि पांडुरंगही तोच.

परंतु एवढे बोलून हात झटकणे बरे नव्हे. पोटाचा प्रश्न खोटा नाही. भरतीत राहिलेल्या पोराला नुसता वेदान्त सांगणे हा निर्दयपणा आहे. गावाने त्याला दुसऱ्या कामाची वाट दाखवावी, घरच्यांनी टोचून बोलू नये, आणि आम्हां बुवामंडळींनी उत्तर येत नसेल तेव्हा गप्प बसून त्याच्या पाठीवर हात ठेवावा. लिडेलने एक धाव सोडली, पण धावणे सोडले नाही. बाळा, तुझी एक वाट बंद झाली असेल, पण चार वर्षे पहाटे उठणारा तू कुठे हरवला आहेस? ते उठणे तुझे आहे. ते कोणत्याही यादीत नाव नसल्याने रद्द होत नाही.

असो. हा अंक त्या गावच्या मंदिरातही जातो. पुढल्या सप्ताहाला आम्ही येऊ तेव्हा टाळकऱ्यांच्या रांगेत तुझी जागा मोकळी ठेवायला सांगितली आहे.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!