नातवंडाचं तोंड पाहिल्यावर

मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थाची वेळ सांगितली आहे. अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि मुलाचं मूल दृष्टीस पडलं, की गृहस्थानं अरण्याची वाट धरावी. सुरकुत्या आणि पिकलेले केस मला पटतात. तिसरी खूण मात्र वर्षानुवर्षं मनात सलते आहे. ज्या दिवशी नात मांडीवर येते, त्याच दिवशी आजीनं बोचकं बांधायचं?

आमच्या नाशिकच्या घरात एकनाथी भागवताचं वाचन सासूबाईंपासून चालत आलेलं आहे. त्याच्या सातव्या अध्यायात कपोताची गोष्ट येते. अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो, त्यांतला हा एक. पारध्याच्या जाळ्यात पिल्लं सापडतात, त्यांच्यामागं कबुतरी झेपावते आणि शेवटी कबुतरही स्वतःहून जाळ्यात पडतं. प्रपंचात गुंतलेल्याची गत अशी होते, हे त्यातलं सांगणं. माझी नात पुण्यात कायदा शिकते. रविवारी संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल येतो, तेव्हा मी अध्यायातला थोडा भाग वाचते आणि ती मधेच थांबवते. ही गोष्ट ऐकून ती म्हणाली, "आजी, सगळा दोष कबुतरालाच? त्या पारध्याला कुणी काहीच विचारत नाही?" असा प्रश्न मी कुठल्याच कीर्तनात ऐकला नव्हता. पुढं वाचायचं सोडून आम्ही त्यावरच बोलत राहिलो.

ही गोष्ट मराठीत आणणारे संत एकनाथ स्वतः आजी-आजोबांच्या हाताखाली वाढले, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आई-वडील तान्हेपणीच गेले. आजोबा चक्रपाणी आणि आजी यांनी पैठणच्या घरात त्यांना लहानाचं मोठं केलं. मनूची तिसरी खूण पाळून ती दोघं अरण्यात गेली असती, तर त्या पोराचं काय झालं असतं? पुढं हा मुलगा कोवळ्या वयात, घरी न सांगता, देवगिरीला जनार्दनस्वामींकडे निघून गेला, असं चरित्रकार सांगतात. ज्याच्यासाठी जगायचं तोच असा उठून गेला आणि तरीही परत आल्यावर त्याला घर उघडं होतं. गुरूंच्या आज्ञेनं त्यांनी लग्न केलं, संसार केला आणि १५७३ मध्ये काशीत भागवताची टीका पूर्ण केली. तिच्या अठराव्या अध्यायात वानप्रस्थ आणि संन्यास यांचे धर्म आहेत. ते समजावून सांगणारा माणूस मुलाबाळांचा होता.

त्यांच्या मुलाची, हरिपंडितांची हकिकत मी नातीला सावकाश सांगितली. हरिपंडित संस्कृताचे जाणकार. वडिलांनी मराठीत पुराण सांगावं, कुणाच्याही घरी जेवावं, हे त्यांना रुचेना. ते रागावून काशीला गेले. नाथ म्हातारपणी त्यांना आणायला तिथवर गेले. परान्न घेणार नाही आणि मराठीत पुराण सांगणार नाही, या मुलाच्या दोन्ही अटी त्यांनी मान्य केल्या. ज्यांनी आयुष्यभर मराठीसाठी पंडितांचा रोष पत्करला, त्यांनी पोटच्या मुलासमोर गप्प बसणं स्वीकारलं! हरिपंडित पुराण सांगू लागले तसे श्रोते ओसरले, एका गरीब बाईच्या घरच्या जेवणानं परान्नाची अट सुटली, आणि मुलगा वडिलांकडे वळला. पण माझं मन त्या मधल्या दिवसांपाशी अडतं. मला वानप्रस्थ दिसतो तो तिथं. नाथांनी घर सोडलं नाही, घरातला शेवटचा शब्द सोडला. म्हातारपणी टाकायचा तो अधिकार. माया टाकून काय साधणार?

आमच्या घरात आता श्राद्ध पूर्वीसारखं होत नाही. मुलगा आणि सून त्या तिथीला एका वसतिगृहाला धान्य देतात. मी त्यावर बोलत नाही. मागितलं ते एवढंच, की नातीला नावं यावीत. तर्पणात बाप, आजा, पणजा यांना वसू, रुद्र, आदित्य मानून पाणी देतात. आई, आजी, पणजीचंही नाव घेतात, आईच्या माहेरचीही माणसं असतात. दिवाळीत ती आली तेव्हा तिला आमच्या तीर्थोपाध्यायांकडे नेलं. त्यांनी कापडात गुंडाळलेली, घराण्याच्या नोंदींची लांबट वही काढली. जुन्या पानांवर मोडी, शाई तपकिरी झालेली, कोपरे कुरतडलेले. माझ्या आजेसासऱ्यांची सही त्यांनी बोट ठेवून दाखवली. नातीनं शेजारची पानं चाळली आणि सरळ विचारलं, "बायका फक्त कुणाच्या तरी बायको म्हणूनच लिहायच्या का?" उपाध्याय क्षणभर थांबले, मग पेन तिच्यापुढं केलं. तिनं स्वतःचं नाव लिहिलं, खाली तिच्या आईचं, मग माझं, माहेरच्या आडनावासकट.

सध्या आमचा वाद हरिपंडितांवर चालू आहे. ती म्हणते, चरित्रं सगळी वडिलांच्या बाजूनं लिहिलेली, मुलाला काय खुपत होतं ते कुणी नीट ऐकलंच नाही. मला तसं वाटत नाही, मी तिला तसं सांगितलंही. या रविवारी ती तिचं म्हणणं मुद्दे काढून मांडणार आहे.