पाळणा लांबवायचा, पण कोणी?

दिवस पाळून गर्भधारणा टाळणारे जोडपे आणि गोळीच्या मदतीने ती टाळणारे जोडपे, या दोघांच्याही मनात हेतू एकच असतो: सध्या मूल नको. हेतू एकच असेल, तर ख्रिस्तसभा पहिल्याला मान्यता देते आणि दुसऱ्याला का देत नाही? तरुण जोडपी आम्हांला हा प्रश्न विचारतात आणि तो मनापासून विचारतात. 'चर्चने सांगितले म्हणून' हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. बुद्धीही देवानेच दिली आहे.

परंतु उत्तराकडे वळण्यापूर्वी गर्भ राहतो कसा, हे माहीत असले पाहिजे. आमचा अनुभव असा, की चांगली शिकलेली माणसेही येथे चाचपडतात आणि त्यात पुरुष अधिक. 'ते बायकांचे' म्हणून त्यांनी तो विषय कधीच सोडून दिलेला असतो.

स्त्रीच्या बीजकोशातून साधारणतः महिन्याला एक स्त्रीबीज सुटते. ते जेमतेम १२ ते २४ तास जगते. पुरुषाचे शुक्रजंतू मात्र स्राव अनुकूल असल्यास स्त्रीच्या शरीरात ५ दिवसांपर्यंत तग धरतात. म्हणजे बीज सुटण्यापूर्वीचे ५ दिवस आणि तो दिवस, असे सुमारे ६ दिवसच गर्भधारणा संभवते. गर्भनलिकेत दोहोंचे मीलन होते आणि साधारण आठवड्याभराने तो नवा जीव गर्भाशयात रुजतो. बीज सुटते ते पुढच्या पाळीच्या सुमारे १४ दिवस आधी. मागच्या पाळीनंतर बरोबर चौदाव्या दिवशी नव्हे. ज्यांची पाळी २८ दिवसांनी येत नाही, त्यांचा हिशेब येथेच चुकतो. नुसते कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजणे बेभरवशाचे आहे ते यामुळे. ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन आणि डॉ. एव्हलिन बिलिंग्ज या दांपत्याची पद्धत दिवस मोजत नाही, ती स्रावातील बदल रोज पाहते. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पातळ, निसरडा स्राव ही सुपीक दिवसांची खूण. ती जाणत्या व्यक्तीकडून शिकावी लागते आणि शिस्तीने पाळावी लागते. नुकत्याच प्रसूत झालेल्या मातेबद्दलही गैरसमज फार. बाळ ६ महिन्यांच्या आतले, केवळ अंगावरच्या दुधावर असलेले आणि पाळी अद्याप परत न आलेली, या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तर गर्भ राहण्याची शक्यता शंभरात दोनहून कमी असते. एक जरी सुटली, तरी तो भरवसा गेला.

इतर साधनांचे काम थोडक्यात असे. गोळी मुख्यतः बीज सुटू देत नाही, निरोध शुक्रजंतूंना अडवतो, तांबी त्यांना निकामी करते आणि नसबंदी वाट कायमची बंद करते.

हे ज्ञान मानवाला फार उशिरा झाले. ॲरिस्टॉटलच्या मते गर्भाला रूप देतो पुरुष; स्त्री केवळ द्रव्य पुरवते. संत थॉमस अक्वायनस यांनीही शरीरशास्त्रापुरते त्याचेच बोट धरले. आपल्याकडे तर स्त्री म्हणजे क्षेत्र आणि पुरुष बीज पेरणारा, ही कल्पना जुन्या धर्मशास्त्रांपासून थेट आजीच्या बोलण्यापर्यंत पोहोचलेली. सस्तन प्राण्यांचे स्त्रीबीज प्रत्यक्ष पाहिले ते कार्ल फॉन बेअर यांनी, १८२७ साली. तोवर दोन हजार वर्षे विद्वान मंडळी स्त्रीला शेत समजत होती. ही चूक केवळ शास्त्राची राहिली नाही. पीक आले नाही की दोष जमिनीला. मूल झाले नाही, वांझ ती. मुली झाल्या, दोष तिचा. वास्तविक मुलगा की मुलगी हे पित्याच्या शुक्रजंतूवर ठरते. आम्हीही वर 'सुपीक' हा शब्द वापरला आहेच. भाषा इतक्या सहज सुटत नाही.

आता मूळ प्रश्न. बीज केव्हा सुटते याचा हिशेब १९२० च्या दशकात जपानमधील ओगिनो आणि ऑस्ट्रियातील क्नाउस या डॉक्टरांनी स्वतंत्रपणे मांडला. पोप पायस बारावे यांनी १९५१ साली सुईणींपुढे बोलताना, गंभीर कारण असल्यास वांझ दिवसांचा आधार घेण्यास मान्यता दिली. पुढे गोळी आली. पोप महोदयांनी नेमलेल्या आयोगातील बहुसंख्य सदस्यांचा कौल बदलाच्या बाजूने होता; तरीही पोप पॉल सहावे यांनी १९६८ च्या 'ह्युमाने विटे' या परिपत्रकात कृत्रिम साधने नाकारली. पतीपत्नीचे मीलन आणि नवनिर्मिती यांची सांगड माणसाने स्वतः तोडू नये, हा त्यामागील विचार.

आम्हांला तो विचार एका दाखल्याने समजतो. एखादे गुपित राखायचे आहे. एकजण गप्प बसतो. दुसरा बोलतो, पण आपल्या शब्दांतला अर्थ स्वतःच काढून घेऊन बोलतो, म्हणजे खोटे बोलतो. दोघांचा हेतू एकच आणि फळही एकच. तरी गप्प बसणे आणि खोटे बोलणे या एकच कृती आहेत असे कोणी म्हणणार नाही. नीतिशास्त्रात हेतू चांगला असणे पुरेसे नसते, कृती काय आहे हेही पाहावे लागते. दिवस पाळणारे जोडपे त्या दिवसांत गप्प राहते.

दाखला अपुरा आहे, हेही मान्य केले पाहिजे. गप्प बसण्यातही लबाडी असू शकते. केवळ चैनीला अडसर नको म्हणून वर्षानुवर्षे तक्ता भरणारे जोडपे 'नैसर्गिक' या शब्दाआड लपू शकत नाही. शिवाय गप्प बसायला दोघे लागतात. एकाने तोंड मिटायचे ठरवले आणि दुसरा ऐकतच नसेल, तर?

खरी अडचण येथे आहे आणि आपल्या व्यासपीठांवरून ती क्वचितच बोलली जाते. त्याच परिपत्रकाच्या तेराव्या परिच्छेदात असे म्हटले आहे, की जोडीदाराची स्थिती आणि रास्त इच्छा ध्यानात न घेता लादलेला शरीरसंबंध हे प्रेमाचे कृत्य नाही आणि तो नीतीविरुद्ध आहे. गोळीविषयीचा चौदावा परिच्छेद सर्वांना ठाऊक असतो. त्याच्या अगोदरचा मात्र कोणी वाचत नाही.

सरकारी आकडेही तेच जुने शेत दाखवतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार सुमारे ३८ टक्के विवाहित स्त्रिया स्वतःच्या नसबंदीवर अवलंबून होत्या. पुरुष नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी आणि अधिक सुरक्षित असूनही! नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगढमधील बिलासपूर जिल्ह्यात एकाच शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाली आणि त्यांतील अनेक जणी दगावल्या. नसबंदी, मग ती कोणाचीही असो, ख्रिस्तसभेला मान्य नाही. तो मुद्दा वेगळा. परंतु ज्या पुरुषाने स्वतः काहीच सोसले नाही, त्याने नैसर्गिक मार्गाची थोरवी सांगू नये. तो मार्ग तर त्याच्याकडून अधिक मागतो: महिन्यातले कित्येक दिवस संयम आणि पत्नीच्या शब्दावर विश्वास.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०१५ मध्ये फिलिपिन्सहून परतताना म्हटले होते, की चांगला कॅथलिक होण्यासाठी सशांसारखी पिल्ले वाढवण्याची गरज नाही. पालकत्व जबाबदारीचे असावे. त्यावर पुष्कळ हसू झाले. जबाबदारी कोणाची, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही.

दोन बाळंतपणे अवघड गेलेली स्त्री विचारते, "फादर, हे दारू पिऊन येतात, दिवस कसले पाळणार?" तिच्या हाती तक्ता देऊन तिला घरी पाठवणे आम्हांला जमत नाही. जो नियम दोघांसाठी सांगितला, त्याचा भार एकटीच्या डोक्यावर ठेवणे हा अन्यायच. अशा वेळी आधी पतीला बोलावले पाहिजे. तो बहुधा येत नाही. म्हणून सुरुवात लग्नाआधीच करावी असे आम्हांला वाटते, आणि विवाहपूर्व शिबिरात नर्सबाईंच्या तासाला मुलांना बाहेर पाठवण्याची पद्धत आम्ही बंद केली आहे. ते खाली मान घालून बसतात. थोड्या वेळाने एखादा हात वर करतो, आणि बहुतेकदा त्याला विचारायचे असते ते एवढेच, की पाळी किती दिवसांनी येते.