सर्वांत मागच्या गड्याची गती

'एज ऑफ एम्पायर्स 2' हा खेळ 1999 साली आला. सायबर कॅफेत आणि होस्टेलच्या खोल्यांत लॅनच्या तारा जोडून तो खेळणारी मराठी मुलं आता चाळिशीत आहेत. कुणी पुण्यात, कुणी सॅन होजेत, कुणी मेलबर्नला. आपल्याकडे रविवारी सकाळचे साडेआठ वाजतात तेव्हा कॅलिफोर्नियात शनिवारची संध्याकाळ असते आणि मेलबर्नला रविवारची दुपार. त्या वेळी ही मुलं आजही एकत्र येतात. दूर गेलेल्या मित्रांना जवळ ठेवणारं इतकं चांगलं साधन मला दुसरं दिसत नाही, आणि त्याचं मूळ या खेळाच्या रचनेत आहे.

पॉल बेटनर आणि मार्क टेरानो या त्याच्या प्रोग्रामरांनी ती रचना सविस्तर लिहून ठेवली आहे. आठ खेळाडू, शेकडो सैनिक आणि मध्ये 28.8 किलोबिटचा मोडेम. प्रत्येक सैनिक कुठे उभा आहे हे सतत कळवत राहणं त्या तारेला झेपणारं नव्हतं. म्हणून प्रत्येक संगणक अख्खं युद्ध स्वतःच चालवतो. तारेतून जातात ते फक्त हुकूम. आत्ता दिलेला हुकूम वेळेच्या दोन छोट्या फेऱ्यांनंतर सगळीकडे एकदमच अमलात येतो. रानातलं हरीण कुठे वळेल हेसुद्धा सर्वांकडे सारखंच ठरतं. तसूभर फरक पडला की 'आउट ऑफ सिंक', डाव तिथेच संपला. आणि फेरी किती लांब ठेवायची हे ठरतं सर्वांत मंद संगणकावर आणि सर्वांत वाईट लाइनवर. एकाचं यंत्र धापा टाकू लागलं की सगळ्यांचं युद्ध संथ होतं.

त्या प्रोग्रामरांना आणखी एक गोष्ट आढळली. पाव सेकंदाचा उशीर खेळणाऱ्याला जाणवतही नाही. कधी झटपट, कधी रखडत, यापेक्षा कायमचा अर्धा सेकंद त्याला चालतो. आज हे हुकूम काचतंतूतून प्रकाशाच्या रूपात जातात, आणि त्यातून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. पुणे ते कॅलिफोर्निया सरळ रेषेत 13 हजार किलोमीटरच्या आसपास. म्हणजे जाऊन यायला सेकंदाचा दहावा भाग तरी लागणारच. हे अंतर कुणालाच पुसता येत नाही. या खेळानं ते सगळ्यांत सारखं वाटून दिलं.

पहिली काही मिनिटं मेंढ्या गोळा करायच्या, रानडुक्कर ओढून आणायचं, लाकूड तोडायचं. हात कामात असतात, नजर पडद्यावर, आणि कानात मित्राचा आवाज. "अरे, थोडं लाकूड पाठव की," म्हणता म्हणता कुणी वडिलांच्या ऑपरेशनचं सांगतो, कुणी नोकरी गेल्याचं. 'आज करमत नाही' एवढं सांगायला आमच्या पिढीतले पुरुष सहसा फोन उचलत नाहीत. व्हिडिओ कॉलवर चेहऱ्यासमोर चेहरा आला की जीभच अडते. इथे मधलं मौनही कुणाला खटकत नाही.

हे सगळं टिकलं, कारण खेळ आपल्या हातात होता. मायक्रोसॉफ्टच्या 'झोन' या ऑनलाइन सेवेवर या खेळाच्या जोड्या जमत. ती सोय 2006 साली बंद झाली, तरी खेळाडू दुसरीकडे जमले. 'क्वेक 3' या दुसऱ्या खेळाचा कोड 2005 साली खुला झाला, म्हणून तो अजून खेळला जातो. याउलट 2014 सालचा 'द क्रू' हा खेळ. 2024 साली तो काढणाऱ्या कंपनीनं त्याचे सर्व्हर बंद केले आणि पैसे मोजून घेतलेला खेळ एकट्यानं खेळायचीही सोय उरली नाही. त्यातून उभ्या राहिलेल्या 'स्टॉप किलिंग गेम्स' चळवळीच्या युरोपातल्या अर्जावर 2025 साली 10 लाखांहून अधिक सह्या झाल्या.

सर्व्हर जन्मभर चालवा, असं कुणी म्हणत नाही. बंद करताना खेळ चालू राहील एवढी व्यवस्था खेळाडूंच्या हाती द्या, ही मागणी रास्त आहे आणि आपल्याकडेही ती झाली पाहिजे. नवा खेळ घेताना तो लॅनवर किंवा स्वतःच्या सर्व्हरवर चालतो का, हे आधी विचारा. आणि जुनी सीडी माळ्यावर पडली असेल, तर ती टाकू नका. त्या वेळच्या गड्यांना या रविवारी बोलवा.