स्क्रूची वेळ

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत शिफ्ट सुटली की बस येईपर्यंत जी पाच मिनिटं मिळतात, ती आज पायाला द्या. बाकावर टेका. सेफ्टी शूजची नाडी सोडा, मोजा काढा. पाय मांडीवर घ्या. गुडघा वळत नसेल तर नुसता पुढे पसरा.

हात पोचेल तिथून बोटं हळूहळू चवड्याकडे न्या. एका पावलात 26 हाडं असतात. जिथे सूज लागते, जिथे सकाळी उठल्याउठल्या कळ येते, तिथे बोट थांबू द्या. दाबू नका.

आमवातात पावलातले सांधे आतून झिजतात, बोटं वाकडी होऊन एकमेकांवर चढतात. औषधांनी भागेनासं झालं की काही वेळा शस्त्रक्रियेनं बोट सरळ करतात, नाहीतर झिजलेला सांधा कायमचा जुळवून टाकतात. हाड जुळेपर्यंत त्याला धरायला तार किंवा स्क्रू लागतो. धातूचा स्क्रू पुढे बुटात टोचू लागला, तर तो काढायला पुन्हा ऑपरेशन. त्या दुसऱ्या खेपेची धास्ती मनात असेल तर तिला हाकलू नका. असू दे.

आता फाउंड्रीतला वाळूचा कोअर डोळ्यांपुढे आणा. कास्टिंगमधली पोकळी तो राखतो. लोखंड गोठण्याआधी ढासळला तर माल रिजेक्ट. नॉकआउटनंतरही आत चिकटून राहिला तर फेटलिंगवाल्याचे हाल. दुसरं ऑपरेशन टाळायला जो अंगातच विरघळणारा स्क्रू वापरतात, त्याचंही सगळं अशा नेमक्या वेळेवरच अवलंबून: हाड जुळेपर्यंत टिकायचं, मग निघून जायचं.

ती वेळ साधायला फार वर्षं लागली. 1907 मध्ये बेल्जियमचे सर्जन अल्बिन लाम्बोट यांनी पायाच्या मोडलेल्या हाडावर मॅग्नेशियमची पट्टी बसवली. खिळे पोलादी होते. आठ दिवसांत पट्टी गळाली आणि कातडीखाली वायू साठला. 1984 मध्ये हेलसिंकीत सर्जन रोक्कानेन आणि सहकाऱ्यांनी घोट्याचं हाड मुख्यतः पॉलिग्लायकोलिक आम्लाच्या, विरघळणाऱ्या सळयांनी जोडायला सुरुवात केली. त्या सळयांचा जोर काही आठवड्यांतच ओसरे, आणि काही रुग्णांच्या जखमेतून पाणी येई. पुढे आलेलं पॉलिलॅक्टिक आम्ल सावकाश, काही वर्षांत जिरतं.

इथे श्वास सोडा, आणि सोडलेल्या श्वासाकडे लक्ष द्या. पॉलिलॅक्टिकचा स्क्रू आधी लॅक्टिक आम्ल होतो. पळताना तुमच्या पोटरीत बनतं, तेच हे. मग त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं. म्हणजे हाडातला आधार कणाकणानं याच नाकावाटे बाहेर जातो. पुन्हा श्वास घ्या. सावकाश सोडा.

हा स्क्रू सगळ्यांना चालत नाही, हेही मनात असू द्या. धातूइतका दम त्यात नसतो, आणि आमवातात, त्यातही बरीच वर्षं स्टेरॉइड घेतल्यावर, हाड मऊ पडलेलं असतं. डॉक्टरांना नेमकं विचारा: माझं हाड जुळायला किती दिवस लागतील, आणि तोवर हा स्क्रू जोर धरेल का? मशीनपुढे किती तास उभं राहावं लागतं, तेही सांगा. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा.