पोरगं बोलत नाही, महाराज



एका साधकाच्या घरी कॉम्प्युटर एकच. त्यातच पावरलूमचा हिशोब, त्यातच मुलाचे गेम. मुलानं कुठून तरी फुकटचा गेम उतरवला, सोबत व्हायरस आला, हिशोबाच्या फायली गेल्या. बापानं मारलं. मग सत्संगात येऊन रडला, "महाराज, पोरगं आता माझ्याशी बोलतच नाही."

महाराज म्हणाले, "आपला कुंडी भंडारा 1615 सालचा. सातपुड्यातलं पाणी झिरपत भुयारात येतं, कुंडी-कुंडीनं गावाकडे वाहतं. खानखानाच्या काळात पाणी अडवलं नाही, त्याला वाट करून दिली. तू पोराला अ‍ॅडमिनचा पासवर्ड देऊन मोकळा झालास. चूक कुणाची रे?"

तर आज आरती झाली की मुलांसाठी वेगळं साधं खातं उघडा. मग बहुतेक प्रोग्राम टाकताना मोठ्यांचा पासवर्ड लागतो. मुलानं विचारायचं, आपण हातातला मोबाईल खाली ठेवून ऐकायचं. हिशोबाची प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. आणि बाबांचे फुकटचे सिनेमेपण याच नियमात, बरं का!

त्या साधकानं घरी जाऊन पोराची माफी मागितली. पोरगं म्हणालं, "बाबा, त्याच दिवशी सांगणार होतो. भीती वाटली."