पेटीतले आणि तळहातावरचे



श्रावणातल्या एका प्रवचनमालेत बेळगावच्या शहापूर भागात बोलत होतो. त्या संध्याकाळचा विषय होता शरणांची असंग्रह वृत्ती. बोलता बोलता आवेश आला आणि मी म्हणून गेलो, "घरातली अडगळ ही मनातलीच अडगळ होय. माळे रिकामे करा, पेट्या उघडा, जुने-पुराणे काढून टाका." श्रोत्यांनी माना डोलावल्या. मलाही बरे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपते न आटोपते तोच सत्तरीच्या एक माउली आल्या. नमस्कार करून खाली बसल्या आणि म्हणाल्या, "अप्पा, काल तुम्ही पेट्या उघडा म्हणालात. मुलाने रात्रीच माझी ट्रंक माळ्यावरून खाली काढली. दुपारी बोहारीण येते, तिला कपडे देऊन टाकू, वह्या रद्दीत घालू, असे म्हणतो. ट्रंकेत माझ्या थोरल्याचे सामान आहे. सात वर्षांचा होऊन गेला तो. तळहातावर लिंग ठेवून आम्ही त्याला समाधी दिली. चाळीस वर्षे झाली. अप्पा, मी एवढे जपून ठेवले, ते पाप झाले का?"

शिवभक्तहो, मला तात्काळ उत्तर सुचले नाही. काल व्यासपीठावर जे इतके सोपे वाटले होते, ते या माउलीसमोर तोंडातून निघेना. "ट्रंक तशीच राहू द्या, मुलाला मी निरोप धाडतो, संध्याकाळी घरी येतो," एवढेच बोललो. दिवसभर मात्र आदल्या दिवशी सांगितलेली कथाच पुन्हा पुन्हा मनात घोळवीत राहिलो.

ती कथा तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा हे बाराव्या शतकातले शरण दांपत्य. मूळचे आजच्या रायचूर जिल्ह्यातल्या अमरेश्वरचे. बसवण्णांची कीर्ती ऐकून ते कल्याणला आले. आयदक्की म्हणजे वेचलेले तांदूळ. बसवण्णांच्या महामनेच्या अंगणात सांडलेले दाणे वेचून आणायचे, हेच मारय्यांचे कायक. त्यातूनच दासोह चाले. एके दिवशी ते रोजच्यापेक्षा अधिक तांदूळ घेऊन आले. लक्कम्मांनी ते पाहिले, पतीला थांबवले आणि जास्तीचे तांदूळ जिथले तिथे परत नेऊन टाकायला सांगितले.

आदल्या दिवशी मी एवढ्यावरच थांबलो होतो. जास्त ते टाका, हा त्यातला बोध. पण कथेत आणखी दोन गोष्टी आहेत आणि त्या माझ्याकडून निसटल्या होत्या. पहिली अशी की, लक्कम्मांनी सारे तांदूळ परत पाठवले नाहीत. त्या दिवशीच्या दासोहाला लागणारे ठेवून घेतले. रिकाम्या मडक्याची त्यांना हौस नव्हती. तांदूळ कशासाठी आहेत हे त्यांना नेमके कळत होते आणि त्यावरून किती ठेवायचे हेही कळत होते. दुसरी गोष्ट अशी की, त्यांनी स्वतःच्या घरात आलेले तांदूळ परत केले. शेजारणीच्या घरात शिरून तिचे मडके उपडे केले नाही. दासोह तन, मन आणि धन यांचा असतो, पण तो आपापल्या तन-मन-धनाचा असतो. आईच्या आठवणींचा दासोह मुलाला परस्पर करता येत नाही. मुलाचे चुकलेच, पण त्याच्या हाती ते शस्त्र मीच दिले होते.

मग काय, सगळे जपूनच ठेवावे? तसेही नाही. या बाबतीत आपल्या समाजाला एक मोठा धडा मिळालेला आहे. आज आपण वचने वाचतो, त्यांवर भाष्य करतो. ती आपल्यापर्यंत आली कशी? शेकडो वर्षे कितीतरी घरांनी आणि मठांनी ताडपत्रांची बाडे जतन केली म्हणून. ज्यांना ती वाचता येत नव्हती त्यांनीही ती वाडवडिलांची म्हणून जपली. पण नुसते जपल्याने काम झाले नाही. कित्येक बाडे बांधलेल्या दप्तरातच वाळवीने खाल्ली. विजापूरला वकिली करणारे फ. गु. हळकट्टी गावोगाव फिरले, दारोदार जाऊन ती बाडे मागत राहिले. त्यांचे 'वचनशास्त्रसार' 1923 साली निघाले, 1926 साली त्यांनी 'शिवानुभव' हे नियतकालिक सुरू केले. छापखान्यासाठी त्यांनी राहते घर विकले. विचार करा, त्या लोकांनी बाडे आधीच चुलीत घातली असती तर हळकट्टींना काय मिळाले असते? आणि हळकट्टी दारात आल्यावर त्यांनी मुठी आवळल्या असत्या तर तुम्हा-आम्हाला काय मिळाले असते? राखणेही हवे आणि योग्य वेळी हात सैल करणेही हवे.

ही योग्य वेळ ओळखायची कशी? आपल्या पूजेतच त्याचे उत्तर आहे. आपण लिंगायत लिंग देवळात ठेवून येत नाही. ते गळ्यात धारण करतो, रोज तळहातावर घेतो, त्याच्याकडे एकटक पाहतो. तान्हेपणी आपल्याला मिळालेली पहिली वस्तू हीच. झबली अपुरी होतात, वाळे पायात बसेनासे होतात, खुळखुळा हरवतो. बालपणाची ही एकच ठेव शेवटपर्यंत सोबत असते आणि समाधीतही आपल्याबरोबर जाते. बाकी काहीही जात नाही. म्हणून जे जपायचे ते तळहातावर येऊ द्यावे, डोळ्यांना दिसू द्यावे, तोंडाने त्याची कथा सांगितली जावी. जी वस्तू चाळीस वर्षांत एकदाही हाती घेतली नाही ती आपण जपली, असे म्हणता येत नाही. ती नुसती कुलपात पडून असते. लिंगाला अर्पण झालेला पदार्थ प्रसाद होतो. कुलपात अडलेल्या वस्तूला ती वाट मिळतच नाही.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. मुलगा मान खाली घालून उभा होता. माउलींनी स्वतःच्या हाताने ट्रंक उघडली. आत एक पाटी, दोन वह्या, लाकडी भोवरा, लोकरीची कुंची आणि शर्ट-चड्ड्यांची एक घडी. काही कपड्यांना कसर लागली होती. आठ वर्षांच्या नातवाने विचारले, "आजी, हे कुणाचे?" घरात क्षणभर कुणी बोलेना. आपल्याला एक थोरले काका होते, हे त्या मुलाला कुणी कधी सांगितलेच नव्हते. माउलींच्या डोळ्यांत पाणी आले. मला म्हणाल्या, "अप्पा, मी पोराचे सामान जपत होते, आणि पोरालाच कोंडून ठेवले की हो." मग त्यांनी नातवाला जवळ घेतले आणि त्या मुलाचे नाव उच्चारले.

नातवाने भोवरा उचलला तेव्हा सुनबाई कचरल्या. गेलेल्या मुलाची वस्तू, ती आपल्या मुलाच्या हाती कशी द्यावी? हे भय पुष्कळ घरांत असते, त्यात त्यांचा दोष नाही. पण लिंगवंताला जनन, मरण, रज, उच्छिष्ट आणि जाती ही पाचही सूतके नाहीत, असे शरणांनी आपल्याला निक्षून सांगितले आहे. लिंगैक्य झालेल्या बालकाच्या भोवऱ्यात अशुभ कुठून येणार? एवढे सांगितले आणि निर्णय त्यांच्यावर सोपवला. थोड्या वेळाने अंगणातून भोवऱ्याचा आवाज आला.

पुढचे सारे माउलींनीच ठरवले. पाटी पूजेच्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवली, रोज नजरेला पडेल अशी. चांगल्या कपड्यांची आपल्या जुन्या लुगड्यात घालून नातवासाठी वाकळ शिवायला घेतली. कसर लागलेले नमस्कार करून मातीत पुरले. रिकामी ट्रंक प्रसाद-निलयात शिकणाऱ्या एका मुलाला दिली. ती देण्याआधी धुऊन, नवी कडी बसवून दिली, हे विशेष. फाटके, मोडके, आपल्याला नकोसे झालेले दुसऱ्याच्या गळ्यात घालणे हा दासोह नव्हे. ती फक्त आपली सोय.

शिवभक्तहो, सणासुदीला घर आवरताना एवढे ध्यानात असू द्या. दुसऱ्याच्या पेटीला त्याच्या संमतीवाचून हात लावू नका. कुणाच्या उपयोगी पडेल ते धडधाकट आहे तोवर द्या. जे ठेवाल ते हाताशी ठेवा आणि त्याची कथा मुलाबाळांना सांगा. आणि आमच्यासारखा कुणी प्रवचनकार आवेशात "सारे टाकून द्या" म्हणाला, तर त्याला थांबवून विचारा, त्या माउलींनी मला विचारले तसे.

शरणु शरणार्थी.