माफीचा धनी कोण?

आमच्यापैकी बहुतेकांनी ‘कंडोन’ हे इंग्रजी क्रियापद शाळेत शिकले नाही, ते कोर्टाच्या पायऱ्यांवर कानी पडले. वारसाहक्काच्या अपिलाची मुदत उलटून गेली की वकीलसाहेब सांगतात, ‘डिले कंडोन करून घ्यावा लागेल.’ मग १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम ५ खाली अर्ज द्यायचा, पुरेसे कारण दाखवायचे आणि न्यायाधीशांच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. मराठीत त्याला विलंब माफीचा अर्ज म्हणतात. तेव्हापासून कंडोन म्हणजे माफ करणे, असे आम्ही धरून चाललो.

शब्दकोश उघडला की मामला इतका सरळ राहत नाही. माणसाला माफ करायचे तर इंग्रजीत ‘फर्गिव्ह’ म्हणतात. कंडोन करायचे ते त्याचे कृत्य. ‘मुलाला कंडोन केले’ हे चूक, ‘मुलाचे खोटे बोलणे कंडोन केले’ हे बरोबर. त्यात पसंतीही नसते. चूक ती चूकच, हे पुरते ठाऊक असताना ती घडलीच नाही अशा रीतीने वागणे, हा त्या शब्दाचा गाभा. तोंडाने बोलावेच लागते असे नाही. म्हणून त्याचे ‘समर्थन करणे’ असे भाषांतर होते तेव्हा अर्थ बिघडतो, आणि ते सर्रास होते. आपल्या मराठीत ‘अपराध पोटात घालणे’ हा वाक्प्रचार आम्हाला त्याच्या सर्वांत जवळचा वाटतो. अपराध घालायचा तो आपल्या पोटात. दुसऱ्याच्या पोटात तो घालता येत नाही.

कायद्यानेही हेच ओळखले आहे. इंग्लंडच्या १८५७ च्या घटस्फोट कायद्यात (आपल्याकडे हे बंडाचे साल) हा शब्द आहे: जोडीदाराचा व्यभिचार ज्याने कंडोन केला, त्याला त्याच कारणावरून घटस्फोट मागता येत नसे. आपल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ मध्येही तो आला. १९७५ साली एका मराठी दांपत्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पत्नीची क्रूरता मान्य केली, पण ती कळूनही पतीने तिच्याशी संसार चालू ठेवला म्हणून ती कंडोन झाली असे ठरवले. पुढे पुन्हा आगळीक घडली तर जुनी जखम उघडू शकते, हेही त्याच निकालात आहे. म्हणजे अन्याय ज्याच्यावर झाला त्यानेच तो पोटात घालायचा, आणि तोही जाणूनबुजून. काका, शेजारी, जमातीचे पंच यांना तिथे जागा नाही.

हे वाचताना आम्हाला परके काही वाटले नाही. हुकूकुल इबाद, म्हणजे बंद्यांचे एकमेकांवरचे हक्क, हे लहानपणापासून मदरशात ऐकलेले आहे. बंद्याचा हक्क मारला तर त्याची माफी त्या बंद्याकडूनच आणावी लागते. नुसत्या तौबेने तो फिटत नाही. ‘अफ्व’ या अरबी शब्दात पुसून टाकण्याचा अर्थ आहे, वारा वाळूवरच्या खुणा पुसतो तसा. पण पुसण्याचा अधिकार कोणाचा, हे आधीच ठरलेले आहे.

आणि तरीही आमच्या घराघरांत काय चालते? नवऱ्याची मय्यत अंगणात, गुस्ल झालेला, कफन बांधलेले. जनाजा उठायच्या आधी चार बायका त्या विधवेला धरून आणतात आणि म्हणतात, ‘बोल बेटी, मेहर माफ की.’ तिला मेहर किती ठरला होता हेही धड आठवत नसते. ती काय बोलणार? नाही म्हटले तर मेलेल्या नवऱ्याचा आखिरतचा रस्ता अडवणारी बाई म्हणून जन्मभर बोट दाखवले जाईल. ती मान हलवते, किंवा तेही करत नाही. कोणीतरी ‘बख्श दी’ म्हणून टाकते आणि खांदा लागतो. सूरह निसामध्ये मेहरातले काही बायकोने खुशीने सोडले तरच ते घ्यावे, असे आहे. वाटण्या होण्याआधी कर्ज फेडायचे, हेही त्याच सूरहमध्ये आहे, आणि मेहर हे कर्जच आहे. नवऱ्याच्या मृत्यूच्या दुःखात बायकोने मेहर सोडला तर ती खरी संमती नव्हे, असे कलकत्ता उच्च न्यायालयाने १९२० साली प्रसिद्ध झालेल्या एका निकालात म्हटले. त्याला शंभर वर्षे उलटून गेली.

हाच शब्द उलट्या दिशेने आमच्यावर येतो. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकल गाड्यांत स्फोट झाले. कचेरीत, बसमध्ये, ओळखीच्या माणसांनीही विचारले, ‘तुम्ही लोक हे कंडोन करता का?’ आम्ही निषेध केला, मनापासून केला. पण प्रश्नच चुकीचा आहे, हे तेव्हा सुचले नाही. ज्यांची माणसे त्या डब्यांत गेली, त्यांचा तो अपराध पोटात घालणारे आम्ही कोण? आमचे मौन असो वा बोलणे, तो अधिकार आमच्याकडे नव्हताच.

मात्र व्याकरणाच्या आडोशाला लपायचे नाही. मय्यतीच्या अंगणात आम्ही उभे होतो, सगळे ठाऊक होते, आणि आमच्या एका शब्दाने ते थांबले असते. त्या गप्प राहण्याला कंडोन हा सभ्य शब्द लागू पडत नाही. त्याला मराठीत पाठीशी घालणे म्हणतात.

मागे आमच्या मोहल्ल्यात एका मय्यतीत मुलीच्या मामांनी मध्येच विचारले, ‘मेहर किती आहे ते आधी सांगा. द्यायचा कोणी ते ठरू द्या. बख्शायचा असेल तर इद्दत संपल्यावर तिला विचारा.’ लोक चिडले. म्हाताऱ्यांनी ‘ही वेळ आहे का?’ म्हणून सुनावले. जनाजा अर्धा तास थांबला. शेवटी थोरल्या दिराने चारचौघांत रक्कम कबूल केली, मग खांदा लागला. चार महिने दहा दिवसांनी तिने मेहर घेतला की सोडला, ते तिने कोणाला सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही.